लाइनमन

नवतप्याचा पाचवा दिवस. रात्रीचे साडेबारा,
आणि बेझनबागेतल्या आमच्या गच्चीची फरशी
नुकत्याच उतरवलेल्या तव्यासारखी.
सुगतने बादलीभर पाणी ओतलं,
ते चर्रकन उडालं. मग चटई टाकली.
टीव्ही खुर्चीवर, वायर जिन्यातून वर,
कुलर दोघांनी धरून आणलेला,
जुन्या खसाचा वास सोडत कण्हतोय.

युरोपातल्या त्या शहरात अजून उजेड आहे.
लोकांनी जाकिटं घातलीत.
एक संघ पांढरा, एक जांभळा.

इनायत कामठीहून आलाय. दरवर्षी या फायनलला येतो.
आता लुनावर नाही, मुलगा सोडून जातो.
खरबूज आणतो, चाकू मात्र माझ्या घरचा लागतो त्याला,
म्हणजे म्हणता येतं,
"धारच नाही बे मेश्राम याले."
एक्काहत्तरचा माणूस, पण चेंडू डावीकडे गेला
की चटईवर त्याचा डावा पाय हलतो,
झोपेतल्या कुत्र्याचा हलतो तसा.

ब्याऐंशी साल. कामठीचं मैदान, शील्डची फायनल.
माझ्या हातात झेंडा म्हणून
आईच्या पोलक्याचा उरलेला पिवळा तुकडा,
तुराटीला बांधलेला.
शेवटची तीन मिनिटं. धूळ. धुळीतून इनायत.
जाळी नव्हतीच, दोन बांबूंमधून चेंडू
थेट म्हशींच्या गोठ्यात गेला.
आणि माझा हात वर होता.
आधी हात गेला,
मग मी पाहिलं.

लोकांनी मला कन्हानच्या पुलापर्यंत पळवलं.
त्यांच्यात इनायत नव्हता.
तो पुढच्या शनिवारी आला, अजनीला, क्वार्टरवर,
सायकलचा पंप मागायला.
तेव्हापासून सगळं बोलून झालं:
पोरींची लग्नं, त्याच्या हृदयातली स्प्रिंग,
सुशीला गेली ती रात्र.
तेवढं एक सोडून.

अठ्ठ्याऐंशीवं मिनिट. एक-एक.
पांढऱ्यांचा एक पोरगा, मिसरूड न फुटलेला,
दोघांच्या मधून सुटला आणि गोल.
सुगत ओरडला, शेजारची गच्ची ओरडली,
आणि रेफरीनं बोट कानाला लावलं.

पडद्यावर मैदान गोठलं.
एक रेघ बचाववाल्याच्या टाचेवरून,
एक पोराच्या गुडघ्यावरून.
मशीन गुडघा मोजून राहिलं होतं.
मी पडद्याकडे पाहत नव्हतो, इनायतकडे पाहत होतो.
तोही पडद्याकडे पाहत नव्हता.

तेवढ्यात लाइट गेली.

बेझनबाग, इंदोरा, पार जरीपटक्यापर्यंत
सगळे कुलर एका श्वासात थांबले.
इतकं शांत, की दूर मालगाडीचे डबे
एकमेकांना भिडताना ऐकू आले.
मग गच्चीगच्चीवरून एकच "अरेऽऽ".
सुगतचा डेटा संपलेला. तो शिव्या देत खाली पळाला.

कुलरच्या ताट्यांमधून उरलेलं पाणी. टप. टप.
खरबुजाचा वास.
अंधारातून इनायत म्हणाला,
"मी समोर होतो."
"काय?"
"समोर. हातभर समोर होतो मी.
बरोबर होता तुझा झेंडा."

मी काही बोललो नाही.
कारण इतकी वर्षं रोज थोडं थोडं
मी मनाशी पक्कं करत आणलं होतं
की तो मागं होता, चांगला एक पाऊल मागं,
आणि एखाद्या फायनलला, कप उचलताना,
गडबडीत त्याला सांगून टाकायचं.

"खोटं बोलून राहिला काय?"
"आता कायले?" तो म्हणाला.
आणि अंधारात चाचपत
एक फोड माझ्या हातावर ठेवली.

वीस मिनिटांनी लाइट आली.
पडद्यावर कागदाचे तुकडे पडत होते,
पांढरे पोरं रडत होते, जांभळेही रडत होते,
कप कुठं दिसेना.
सुगत धापा टाकत वर आला.
"आबा, काय दिलं? ऑफसाइड होता का?"

इनायत चटईवरच्या बिया वेचत होता.
"याले विचार," तो म्हणाला,
"लाइनमन हाय तो."